दुसरी रात्र कुठे काढणार? मोटरसायकलवरून लडाखच्या खिंडी ओलांडताना

लडाखला मोटरसायकलवरून निघालेलं कुणी भेटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुसरी रात्र कुठे काढणार? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. खिंडींची यादी मात्र तोंडपाठ असते. झोजी ला, फोटू ला, खारदुंग ला, चांग ला, तांगलांग ला, आणि प्रत्येकीची उंची फुटांत. (लडाखीत ‘ला’ म्हणजेच खिंड, त्यामुळे ‘खारदुंग ला पास’ म्हणण्याची गरज नाही.) पण खिंडीच्या माथ्यावर आपण अर्धा तास असतो. झोपतो तिथे आठ-दहा तास असतो. शरीराचा हिशेब रात्रीच्या उंचीवर चालतो, आणि सहलीचं बरंवाईट तिथेच ठरतं.

हे मला पहिल्याच वेळी कळलं. आम्ही चौघे मनालीहून चढलो होतो. तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग ओलांडूनच जावं लागे. पहिली रात्र केलाँगला, दुसरी सरचूच्या तंबूत. संध्याकाळपासून आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकत होतं. रात्री दोनला तो उलटी करायला बाहेर आला, तेव्हा त्याला सरळ चालता येईना. त्याला खाली न्यायचं हे आम्हाला ठाऊक होतं. पण सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आहे. मनालीकडे परतायचं तर चाळीसेक किलोमीटरवरची ४,८९० मीटरची बारालाचा ला चढावी लागते, लेहकडे जायचं तर नकी ला आणि ५,००० मीटरच्या वरची लाचुंग ला. म्हणजे आणखी वर चढल्याशिवाय खाली उतरताच येत नाही. मुक्कामाची जागा निवडताना आम्ही नकाशावर हे पाहिलंच नव्हतं. पहाटे एका गाडीवाल्याने त्याला केलाँगच्या दवाखान्यात पोहोचवलं आणि तो वाचला. त्या चार तासांत मी जे शिकलो, त्यावरच हा सगळा लेख उभा आहे.

उंचीचं गणित

कळसूबाई १,६४६ मीटर. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर. आपल्या राज्यातल्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून जास्त उंचीवर तिथला बाजार भरतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब घटतो. लेहला तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के राहतो, खारदुंग लाच्या माथ्यावर जेमतेम निम्मा. श्वास तेवढाच घेतला तरी ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर यावर उपाय शोधतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं, पण त्याला दिवस लागतात. तासांत ते होत नाही.

सह्याद्रीतल्या ट्रेकर मंडळींना इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. दमसास आणि उंची सोसण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट तगडा माणूस जोरात चढतो, डोकेदुखी अंगावर काढतो आणि जास्त फसतो.

डोंगरी वैद्यकातला नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा कितीही वर जाऊन या, पण रात्री खाली उतरा.

म्हणून श्रीनगरकडून चढा, मनालीकडे उतरा

हा नियम नकाशावर ठेवला की रस्ता आपोआप ठरतो. मी सांगतो तो क्रम असा.

जम्मूहून श्रीनगर, अंदाजे अडीचशे किलोमीटर. चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड या दोन बोगद्यांमुळे हा टप्पा आता सुसह्य झाला आहे, पण रामबनच्या पट्ट्यात दरडी कोसळतात आणि तिथे तासन्‌तास अडकायची तयारी ठेवावी. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर. इथे दोन रात्री काढल्या तर उत्तम, निदान प्रवासाचा शीण जातो.

मग कारगिल, दोनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत सोनमर्गनंतर झोजी ला, ३,५२८ मीटर. आकड्याने ही खिंड लहान, पण रस्ता म्हणून सगळ्यांत अवघड. माती, चिखल, ट्रकांची रांग. खिंड ओलांडून द्रासला युद्धस्मारकापाशी थांबाच, तोलोलिंगचा कडा तिथून समोर दिसतो. मुक्काम मात्र कारगिलला, सुमारे २,६८० मीटरवर. दिवसा साडेतीन हजार पाहून आलात, रात्री पावणेतीन हजारांच्या आत झोपलात. या रस्त्याचं खरं बळ हेच.

तिसऱ्या टप्प्याला बहुतेक जण कारगिलहून थेट लेह गाठतात. जमतं, पण मी मध्ये खालत्से किंवा अलचीला थांबतो. नामिका ला आणि ४,१०८ मीटरची फोटू ला ओलांडायची, लामायुरूचा मठ पाहायचा आणि सिंधूकाठी सुमारे ३,१०० मीटरवर झोपायचं. दुसऱ्या दिवशी लेह दुपारच्या आत येतं. कारगिल २,६८०, अलची ३,१००, लेह ३,५००: अशी पायरी पायरीने चढलेली माणसं लेहला पोहोचतात तेव्हा त्यांना भूक लागलेली असते. भूक लागणं हे फार चांगलं लक्षण.

लेहला दोन रात्री. पहिल्या दिवशी गाडीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी फार तर शांती स्तूप, ठिकसे. जे विमानाने लेहला उतरून तिथेच गाडी भाड्याने घेणार आहेत, त्यांच्यासाठी हे दोन दिवस अटळ आहेत. ते तर थेट समुद्रसपाटीवरून साडेतीन हजारांवर येतात.

त्यानंतर खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोरं. खिंड ५,३५९ मीटर, पण हुंडर-डिस्कीट सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे रात्र लेहपेक्षाही खाली. माथ्यावरच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट असं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्ष मोजमाप १७,५८२ फुटांचं आहे. त्यामुळे खिंडीचा रुबाब कमी होत नाही. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, फोटो काढा, उतरा. पँगाँग सरोवर नुब्रानंतरच, कारण तिथली रात्र ४,२०० मीटरच्या वरची आहे. कमीत कमी चार-पाच रात्री तीन हजारांच्या आसपास काढल्याशिवाय तिथे झोपू नये. उमलिंग ला (५,७९८ मीटर, मोटारीच्या रस्त्याने जाता येणाऱ्या जगातल्या सर्वांत उंच खिंडींपैकी एक) पहिल्या सहलीत ठेवूच नका. वाटेवरच्या हानले गावात दोन रात्री काढायला वेळ असेल तेव्हा जा.

आणि मग लेहहून मनालीकडे उतरायचं. तोवर आठ-दहा रात्री उंचीवर गेलेल्या असतात. आता सरचूला झोपलात तरी शरीर तयार असतं. आमची पहिली सहल नेमकी याच्या उलट क्रमाने झाली होती.

मनालीहूनच चढायची वेळ आली तर? ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून मोह आणखी वाढला आहे, कारण सकाळी निघालं की दुपारी जिस्पा येतं. तिथे, भागा नदीकाठी सुमारे ३,२०० मीटरवर, दोन रात्री थांबा. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून बारालाचाच्या दिशेने सूरज तालपर्यंत जाऊन या. तिसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत असतील, रस्ता मोकळा असेल आणि गटातल्या प्रत्येकाला बारा तास गाडी चालवायची सवय असेल, तर पहाटे पाचला निघून एका दमात लेह. यातलं एकही जुळत नसेल तर त्या बाजूने जाऊ नका, असंच मी सांगेन.

डोकं दुखायला लागलं तर

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं: हा विरळ हवेचा साधा त्रास. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. आहे तिथे थांबायचं, पाणी प्यायचं, डोकेदुखीची साधी गोळी घ्यायची. बहुधा चोवीस तासांत बरं वाटतं. बरं वाटलं तरच पुढे. त्रास वाढत गेला तर खाली.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र थांबणंही चूक. पहिली, तोल. संशय आला की त्या माणसाला जमिनीवरच्या सरळ रेषेवरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. लडखडला, किंवा असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज येते आहे असं धरा. दुसरी, श्वास. बसल्या जागी धाप, सतत खोकला, ओठ निळसर, थुंकीत गुलाबी फेस: फुप्फुसात पाणी भरतं आहे. दोन्हींवर उपाय एकच, लगेच खाली, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आणि त्याला गाडी चालवू न देता. लष्कराची वैद्यकीय ठाणी वाटेत आहेत, लेहच्या सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयात अशा रुग्णांचा रोजचा सराव आहे. मदत मागायला लाजू नका.

ऑक्सिजनचे जे छोटे डबे मिळतात ते काही मिनिटं पुरतात, त्यांच्या भरवशावर मुक्काम ठरवू नका. कापराची पुडी हुंगायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जरूर न्या, पण लेहमध्ये नव्वदीच्या आतला आकडा पाहून घाबरू नका, आणि चांगला आकडा दिसला म्हणून लडखडणाऱ्या माणसाला वर नेऊ नका. माणसाकडे पाहा.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे दुकानातली डायमॉक्स, बरेच जण घेतात. प्रतिबंधासाठीचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार लागते. गाडी चालवणाऱ्याला हे आधी माहीत हवं, नाहीतर क्लचवरची बोटं झिणझिणू लागली की घाबरायला होतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बंद.

गाडी: नवी कशाला, आहे तीच नीट करा

दीडशे सीसीची गाडीही या खिंडी चढते. फरक एवढाच की हवा विरळ झाली की इंजिनलाही धाप लागते. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद कमी होते असं धरा. पुण्यात वीस अश्वशक्ती देणारं इंजिन खारदुंग लावर अकरा-बारा देतं. वर मागे बसलेलं माणूस आणि तीस किलो सामान. त्यामुळे नवशिका चढावर हाफ क्लचवर गाडी रेटतो आणि क्लच प्लेट जाळून बसतो. उपाय: पहिल्याच गिअरमध्ये राहा, क्लच पूर्ण सोडा, रेस एकसारखी ठेवा, हळू चढा. क्लच प्लेट अर्धी झिजलेली असेल तर निघण्यापूर्वीच बदला.

कार्ब्युरेटरची गाडी वर गेल्यावर उभ्या उभ्या बंद पडते, कारण हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच. आयडलिंग थोडं वाढवून ठेवा, प्लग काळा पडला तर साफ करा. एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, तिथल्या फुफाट्यात इंजिन आतून घासलं जाईल. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण स्वतः जुळवून घेते, तिला छेडू नका.

टायरमधली हवा हा मजेदार विषय आहे. बाहेरचा दाब कमी झाला की मीटरवरचा आकडा वाढतो. लेहला भरलेली हवा खारदुंग लावर दोनेक पीएसआय जास्त दिसते, पुण्यात भरलेली आणखी जास्त, थंडीने त्यातली थोडी कमी होते. नियम सोपा ठेवा: लेहला सकाळी, टायर गार असताना, कंपनीने सांगितली तेवढी हवा करून घ्या आणि माथ्यावर जाऊन सोडत बसू नका.

सुटे भाग नेताना आपल्या गाडीचेच न्या. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, दोन्ही लिव्हर, प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब आणि नसेल तर पंक्चरच्या दोऱ्या, छोटा पंप, एम-सील, झिप टाय, जाड चिकटपट्टी. माझ्या मेकॅनिकने शिकवलेली एक युक्ती: नवी क्लच केबल आधीच जुन्या केबलच्या शेजारून ओवून, बांधून ठेवायची. तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची. खिंडीत गारठलेल्या बोटांनी टाकी उतरवून केबल ओवणं किती अवघड असतं, हे एकदा केलं की ही युक्ती कायमची लक्षात राहते.

सामान जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर. निघण्याच्या महिनाभर आधी हे सगळं सामान लादून, मागे जे माणूस बसणार आहे त्याला बसवून, पावसात ताम्हिणी किंवा वरंधा घाट करा. कॅरिअरचा कोणता नट सैल पडतो, रेनकोट कुठे गळतो, पाठीचं काय होतं, ते तिथेच कळू दे.

जम्मूपर्यंत

पुण्याहून जम्मू दोन हजार किलोमीटरच्या आसपास. गाडीवर गेलात तर चार दिवस आणि निम्मी शक्ती त्यात जाते. मी रेल्वेने पाठवतो. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस थेट जम्मू तावीला जाते. आरसी, विमा आणि ओळखपत्र यांच्या प्रती जवळ ठेवायच्या, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करायची, आरसे काढायचे, गोणपाटात बांधून घ्यायचं आणि नाव, फोन, कुठून-कुठे हे दोन-तीन ठिकाणी ठळक लिहायचं. आपल्या तिकिटावर लगेज म्हणून दिली तर गाडी बहुधा आपल्याबरोबरच येते, पार्सल म्हणून दिली तर मागाहून येऊ शकते. म्हणून जम्मूला एक दिवस हातचा राखून ठेवा.

भाड्याच्या गाडीचा बेत असेल तर एक अडचण आधीच समजून घ्या. श्रीनगर, मनाली किंवा दिल्लीहून भाड्याने आणलेली गाडी लेहपर्यंत चालते, पण नुब्रा-पँगाँगकडे लेहचे स्थानिक गाडीवाले तिला जाऊ देत नाहीत. तिथे लेहचीच गाडी भाड्याने घ्यावी लागते. पर्यटकांनी भरायचं पर्यावरण शुल्क आणि सीमेलगतच्या भागांचे नियम वरचेवर बदलतात, ते लेहला पोहोचल्या दिवशी प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. गटात निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड हवं. नेटवर्क नाही म्हणजे फोनवरून पैसे देणंही नाही, तेव्हा रोख रक्कम दोन-तीन जागी विभागून ठेवा.

पेट्रोल

श्रीनगर-लेह रस्त्यावर काळजी नाही. मनाली-लेहवर आहे. लेहकडून येताना कारूला टाकी काठोकाठ भरा, पुढचा भरवशाचा पंप तांदीला, म्हणजे सुमारे ३३० किलोमीटरवर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास चढल्यावर गाडीचं अ‍ॅव्हरेज पंचवीस टक्क्यांनी घसरू शकतं असं धरून हिशेब करा आणि पाच लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन सोबत ठेवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेऊ नका. झाकण सैल होऊन सामान भिजतं, आणि रात्री तंबूत स्टोव्ह पेटतो तेव्हा ती बाटली जवळ असते. नुब्राहून श्योकमार्गे पँगाँगला आणि तिथून लेहकडे जाताना डिस्कीटला टाकी भरून तीनशे किलोमीटर धरा.

खिंडीच्या रस्त्यावर

पहाटे निघणं हा डोंगरातला अर्धा शहाणपणा. दुपारनंतर ढग भरतात, वारा सुटतो, बर्फ पडू लागतो, आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी नाल्यांत उतरतं. बारा वाजायच्या आत मोठी खिंड मागे पडलेली असावी. एवढं मात्र पाहा की सकाळी सावलीतल्या वळणावर डांबर ओलं दिसतं, पण तो काचेसारखा गोठलेला थर असतो. अशा जागी ब्रेक नाही, गिअर बदल नाही, गाडी सरळ ठेवून तशीच जाऊ द्यायची.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटातला सगळीकडचा नियम. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आतली बाजू कापायची नाही. समोरून कुणी तीच कापत येत असेल. लष्कराचा ताफा आला तर बाजूला थांबा, पूर्ण जाऊ द्या. ट्रकला वाट देताना दरीकडच्या कडेवर चाक नेऊ नका. तिथली माती बहुधा नुकती टाकलेली भर असते आणि लादलेल्या मोटरसायकलच्या भारानेही खचते. डोंगराच्या अंगाला थांबा, ट्रकवाला समजून घेतो. पाठीमागून ओलांडायचं असेल तर हॉर्न देऊन त्याच्या आरशात दिसा आणि त्याने हाताने किंवा इंडिकेटरने बोलावल्यावरच जा.

उतारावर गाडी न्यूट्रल करणारे लोक मी दर वर्षी पाहतो. पेट्रोल वाचवायला. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच किंवा त्याच्या एक वरच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनला वेग धरून ठेवू द्या, आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ, ठाम दाबा. सतत अर्धवट दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, तेल उकळतं आणि मग लिव्हर हँडलपर्यंत येते तरी गाडी थांबत नाही.

गट चार-पाच गाड्यांचा पुरे. नियम एकच: प्रत्येक गाडी आपल्या मागच्या गाडीला जबाबदार. फाट्यावर, नाल्यावर, चहाच्या टपरीवर मागची दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

नाला ओलांडताना

रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांत जेवढ्या गाड्या पडतात, तेवढ्या वळणांवर पडत नाहीत. लाचुंग लाच्या आधीच्या दोन ओहोळांना तर व्हिस्की नाला, ब्रँडी नाला अशी नावं पडली आहेत. इथे घाई करू नका.

आधी थांबा आणि गाडीवरून उतरा. पाणी जिथे रुंद पसरलंय, खळाळतंय, दगड दिसतायत, तिथे ते उथळ असतं. जिथे गुळगुळीत आणि गडद दिसतं तिथे खोल. एखादी जीप किंवा ट्रक जाताना पाहा, चाक कुठपर्यंत बुडतं ते कळतं आणि वाटही कळते. शंका असली तर गमबूट घालून, काठी टेकत एकाने चालून पाहावं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी निम्मं झालेलं असतं. तेवढा वेळ नसेल तर पिकअपमध्ये घालून न्या.

जायचं ठरलं की पहिला गिअर टाका आणि नाल्यात शिरण्यापूर्वीच क्लच पूर्ण सोडा. नजर पलीकडच्या काठावर ठेवा, चाकाखालच्या पाण्याकडे नाही. रेस एकसारखी, थोडी जास्तच, म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही. चाक दगडावरून उडेल, हँडल हलेल, हलू द्या. मध्येच क्लच दाबलात की गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी पाणी ढकलतं. मागे बसणाऱ्याने चालत, वरच्या बाजूच्या दगडांवरून यावं. एका वेळी एकच गाडी, बाकीचे काठावर हात मोकळे ठेवून उभे. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवून घ्या.

गाडी पाण्यात आडवी झालीच तर किल स्विचचं लाल बटण आधी बंद करा, उचला, बाहेर ढकला. लगेच स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकते. प्लग काढा, मग किक मारून किंवा मागचं चाक वरच्या गिअरमध्ये फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, एअर फिल्टर पिळून सुकवा, आणि मग सुरू करा.

बुटात पाणी गेलं असेल तर पलीकडे जाऊन आधी मोजे बदला. पावणेपाच हजार मीटरवर ओल्या पायांनी दोन तास गाडी चालवली की बोटं बधिर होतात आणि ब्रेकवरचा अंदाज जातो. आत पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर लोकरी मोजा, ही जुनी पद्धत महागड्या बुटांइतकीच काम करते. कपड्यांचंही तसंच: एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा आणि पाऊस अडवणारं कवच. हातमोज्यांचे दोन जोड हवेतच, एक नेहमी ओला असतो.

महिना कोणता

श्रीनगरकडचा रस्ता बहुधा एप्रिल-मेपासून, मनालीकडचा मेअखेर किंवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. जूनमध्ये दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती दिसतात, पण नाले फुगलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलच्या अंगाला पाऊस आणि दरडी. माझं मत सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांना: पाणी उतरलेलं, हवा स्वच्छ, रस्ते त्या वर्षापुरते दुरुस्त झालेले. गणपती कधी येतात ते पाहून रजा टाका.

परतीच्या वाटेवर बारालाचा उतरून दारचाला आलात की हवा दाट होऊ लागते, गाडीचा आवाज बदलतो, अंगात आपोआप उत्साह येतो आणि वेग वाढतो. याच पट्ट्यात, सगळं संपलं असं वाटत असताना, माणसं पडतात. जिस्पाला मुक्काम करा. सकाळी निघण्यापूर्वी ब्रेक पॅडची जाडी पाहा, चेन साफ करून ताण जुळवा, कॅरिअरचे नट आवळा. मनालीला गाडी पाण्याने धुऊन घ्या. चंदीगडला किंवा दिल्लीला रेल्वेत चढवणार असाल तर आदल्या दिवशी टाकीत पाच लिटरच्या वर पेट्रोल भरू नका, पार्सल ऑफिसच्या दारात काढून टाकावं लागतं.